शेंडेनक्षत्राला लागलेलं पाणी

ग्यानोबा सोनकांबळे फोटो काढताना कुणाला 'हसा' म्हणायचा नाही. गिऱ्हाईक आपणहून हसलं तर हा कॅमेऱ्यातून मान वर काढून शांत उभा राहायचा. "हसून घ्या मालक. झालं की सांगा," म्हणायचा. मग गिऱ्हाइकाचं हसू आपोआप विरायचं आणि हा बटण दाबायचा. औशातल्या निम्म्या लोकांचे नोकरीच्या अर्जावरचे आणि लग्नातले फोटो त्यानं काढलेत, आणि त्या सगळ्या फोटोंत माणसं कोर्टात उभी केल्यासारखी दिसतात. एकदा मी त्याला यावरून छेडलं तर म्हणाला, "हसू घडीभराचं आस्तंय सिद्धू. फोटो लई वर्सं ऱ्हावा लागतो." मी म्हटलं, तुझ्या फोटोतली नवरी बघून नवरदेव पळून जाईल. त्यावर तो स्वतः मात्र हसला.

मी सिद्धेश्वर, पाट्या रंगवणारा पेंटर. बसस्टँडसमोर त्याचा 'नालंदा फोटो स्टुडिओ', मागच्या खोलीत त्याचं घर, आणि शेजारी माझं पत्र्याचं दुकान. मध्ये एकच भिंत, तीही एका विटेची. ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला तेव्हा लोकांनी पेढे वाटले आणि मी ब्रश भिजवले. शाळा, सोसायटी, दवाखाना, पिठाची गिरणी, सगळ्यांच्या पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' खोडून 'जि. लातूर' लिहायचं होतं. दोन वर्षं मला जेवायला सवड नव्हती. जिल्हा नवा मिळाला, कलेक्टर नवा मिळाला, पाऊस तेवढा कुणी मंजूर करून आणला नाही. शहाऐंशीच्या उन्हाळ्यापर्यंत विहिरी खरवडून झाल्या होत्या. ग्यानोबाच्या स्टुडिओतल्या पडद्यावर मी धबधबा रंगवला होता. गावात भरून वाहणारं पाणी तेवढंच, आणि लोक त्याच्यासमोर बसून फोटो काढून घेत होते.

ग्यानोबा मूळचा नांदेडकडचा, लोह्याजवळच्या एका खेड्यातला. मिसरूड फुटायच्या आधी लातूरला एका मोठ्या स्टुडिओत कामाला लागला. मालकानं मला सगळं शिकवलं, असं तो स्वतः सांगायचा. मला ते ऐकवत नसे, कारण पुढचंही त्यानंच सांगितलं होतं. डेव्हलपरच्या ट्रेमध्ये त्याचा हात चालायचा, हायपोच्या औषधात चालायचा, फोटो धुवायच्या हौदात तर कोपरापर्यंत चालायचा. प्यायच्या माठाला मात्र चालत नव्हता. तहान लागली की हा ओंजळ धरायचा आणि दुसरा कुणीतरी वरून ओतायचा. दहा वर्षं त्यानं काढलेल्या फोटोंच्या पाठीवर मालकाचा शिक्का बसला. एकदा त्यानं काढलेला फोटो पेपरात मोठा छापून आला, खाली नाव मालकाचं. त्यानंतर तो औशाला आला आणि जुना यशिका कॅमेरा घेऊन स्वतःचा स्टुडिओ टाकला. पण त्याचं मन लातूरलाच अडकून राहिलं होतं. एक फोटो, लातूरच्या भिंतीवर, खाली आपलं नाव. बस्स, एवढंच त्याला पाहिजे होतं. मला हे खूळ वाटायचं आणि मी तसं तोंडावर सांगायचो.

त्याची बायको पंचशीला हिमायतनगरकडची. पैनगंगेच्या बाजूची पोर, तिला घागर घेऊन रांगेत उभं राहणं माहीत नव्हतं. इथं येऊन शिकली, आणि असं शिकली की टँकरवाला तिला बघितलं की आधी हॉर्न वाजवायचा. मला भावजी म्हणायची आणि माझ्या पाटीतली शुद्धलेखनाची चूक रस्त्याच्या पलीकडून ओरडून सांगायची. हसायला लागली की दोन दुकानं पलीकडं ऐकू जायचं. अशा बाईनं न हसवणाऱ्या माणसाशी संसार कसा केला, देव जाणे. देव हा शब्दही त्या घरात मला जपून वापरावा लागायचा. त्यांना एक मुलगी होती, यशोधरा, चार वर्षांची.

आता फोटोवाल्यांचं एक सांगितलं पाहिजे. त्या काळी काळापांढरा फोटो म्हणजे सगळा पाण्याचा खेळ. फिल्म आणि कागद हायपोतून काढला की वाहत्या पाण्यात धुवावा लागतो, नाहीतर बदलून बदलून स्वच्छ पाण्यात. हायपो आत राहिला तर पहिल्या दिवशी काही कळत नाही. गिऱ्हाईक खुशीत फोटो घेऊन जातं. मग चारपाच वर्षांत फोटो आतून पिवळा पडतो आणि हळूहळू निघून जातो. त्या साली सगळे स्टुडिओवाले एकाच बादलीत दिवसभराचे फोटो धूत होते. त्यात बोअरचं पाणी खारं. फिल्मवर थेंब वाळला की मिठाचा डाग राहायचा आणि फोटोत तिथं पांढरा फराटा यायचा. त्या उन्हाळ्यातला आमच्याकडचा कुठलाही फोटो घ्या, नवरीच्या गालावर नाहीतर नवरदेवाच्या फेट्यावर एक पांढरा फराटा सापडेलच. लोकांनाही त्याची सवय होऊन गेली होती.

अशात तो हॅलेचा धूमकेतू आला. रेडिओवर रोज सांगत होते, शहात्तर वर्षांनी येतो म्हणून. म्हातारी माणसं म्हणत, शेंडेनक्षत्र निघालं, आता खैर नाही, ह्यानंच पाऊस नेला. ग्यानोबा अशा वेळी डोक्यात राख घालून घ्यायचा. "दुस्काळ आदी आला का नक्षत्र आदी आलं? मंग त्येनं आनला कसा? बिनडोकासारकं बोलून राहिले सगळे!" पंचशीला आतून म्हणायची, "नक्षत्रानं काय बी व्हत न्हाई. नळ आटल्यानं व्हतंय."

त्याच सुमाराला लातूरच्या फोटोग्राफरांनी ठरवलं की एक मेला जिल्ह्यातल्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं. नुसते फोटो पाठवायचे, नाव पाठीमागं लिहायचं, म्हणजे निवडणाऱ्यांनी तोंड बघून निवड केली असं व्हायला नको. निवड झाली की फोटोखाली नावाची पट्टी लागणार. ग्यानोबाच्या अंगात वारं शिरलं. नवरानवरीचे फोटो सगळेच पाठवतील. आपण शेंडेनक्षत्र पाठवायचं. तेच तिथं एकटं असेल.

शिमग्याच्या आधी, चंद्र नसलेल्या एका पहाटे त्यानं मला उठवलं. निलंगा रोडच्या माळावर तिकाटणं उभं केलं, त्यावर यशिका. आग्नेयेला बोट दाखवून म्हणाला, "त्ये बग." मला आधी काही दिसेना. मग दिसलं. पाटीवर खडूनं काढलेला ठिपका ओल्या बोटानं पुसावा, तसं काहीतरी. मी म्हणालो, "एवढ्यासाठी माझी झोप मोडलीस?" त्याचं लक्षच नव्हतं. शटर उघडं ठेवून मनातल्या मनात आकडे मोजत होता, आणि त्याचे ओठ हलत होते. पहिल्या वेळी त्यानं हावरटपणा केला, शटर फार वेळ उघडं ठेवलं आणि चांदण्यांच्या रेघोट्या झाल्या. म्हणून आम्ही पुन्हा गेलो, नव्या फिल्मचा रोल घेऊन. या वेळी त्यानं थोडा वेळच उघडला, बऱ्याचदा उघडला. परत येताना सायकलवर बसून तो गाणं गुणगुणत होता. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदाच ऐकलं.

पण आता फिल्म धुवायला पाणी कुठून आणायचं? टँकरचं पाणी गढूळ, बोअरचं खारं. मिठाचा एक थेंब त्या शेपटीवर वाळला की संपलं. चांगलं पाणी घरात होतं, पण दोनच घागरी. ते पंचशीलानं चन्नबसप्पांच्या मळ्यातल्या विहिरीवरून आणलं होतं. कोसभर चालून जायचं, गडी वरून ओतणार तेव्हा घागर धरायची, आणि कोसभर परत. ते पाणी फडक्यानं गाळून, झाकून, फक्त प्यायला ठेवलेलं असायचं.

एका विटेच्या भिंतीतून मला सगळं ऐकू आलं.

"कामून मागताव? पोरीला काय पाजू? नक्षत्र पाजू?"

"एकडाव. फकस्त एकडाव दे."

"टँकरच्या पान्यात धुवा की. लोकाचे धुताव तसं."

"लोकाचे फोटो आन् ह्यो एक हाय का गं?"

मग घागरीवर झाकण आपटल्याचा आवाज आला. मला वाटलं, संपलं, बाईनं ठिकाणावर आणलं त्याला. मनातून बरंही वाटलं. तर थोड्या वेळानं ती डोक्यावर एक आणि कमरेवर एक अशा दोन्ही घागरी घेऊन स्टुडिओत आली आणि डार्करूमच्या दाराशी ठेवून दिल्या. "घ्या. धुवा. पुन्यांदा शाहत्तर वर्सानं मी काय घागरी घिऊन येनार न्हाई," म्हणाली, आणि कळशी उचलून टँकरच्या रांगेला लागली.

त्या पाण्यात त्यानं फिल्म धुतली, एक मोठा फोटो बनवला आणि तोही धुतला. वाटी वाटीनं पाणी बदललं. घरातले त्या दिवशी टँकरचं पाणी प्यायले. फोटो मात्र असा आला की मी खूळ हा शब्द परत घेतला. काळंभोर आभाळ, टाचणीच्या टोकाएवढ्या चांदण्या आणि त्यात ती मऊ शेपटी. सगळ्या फोटोत मिठाचा एक कण नव्हता. पाठीमागं त्यानं फक्त स्वतःचं नाव लिहिलं. मी म्हटलं, फोटो कशाचा आहे तेही लिही. तर म्हणतो, "चंद्राच्या फोटोखाली कुनी चंद्र लिवितो का?" नावाची पट्टी मात्र मी आधीच रंगवून ठेवली, 'छाया : ग्यानोबा सोनकांबळे, औसा, जि. लातूर'. पांढऱ्यावर काळी अक्षरं. आजवर एवढं मन लावून मी कलेक्टर कचेरीचीही पाटी रंगवली नव्हती.

चौदा एप्रिलला जयंती. सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यांत, पंचशीलाही पांढऱ्या लुगड्यात. मिरवणूक आटोपल्यावर ग्यानोबानं सगळ्यांचे फोटो काढले आणि शेवटी बायकोला कॅमेऱ्यासमोर उभं केलं. फोटोवाल्याची बायको, पण तिचा एकटीचा फोटो त्या दिवसापर्यंत नव्हता. ती उभी राहिली आणि तिला हसू फुटलं. मी मागं उभा होतो, मला वाटलं आता हा मान वर काढणार. त्यानं हसू विरायची वाट बघितली नाही. हसत असतानाच बटण दाबलं. तो रोल मात्र फोटोंसकट टँकरच्या एका बादलीत धुतला गेला, आणि त्या बादलीत आधी दोन लग्नं धुऊन झाली होती. मी विचारलं तर म्हणाला, "पानी पडू दे. मंग पुन्यांदा धुवून घिऊ." तसं करता येतं, सगळे फोटोवाले करतात. तेव्हा कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

एक मेला आम्ही चौघं बसनं लातूरला गेलो. पंचशीलानं तेच लुगडं नेसलं होतं, यशोधरेच्या वेणीला रिबन, माझ्या खिशात नावाची पट्टी. हॉलच्या चारी भिंती आम्ही बघितल्या. नवरानवरी होते, बैलजोड्या होत्या, भेगाळलेली जमीन होती, आटलेल्या विहिरीत उतरलेली बाई होती. शेंडेनक्षत्र कुठंच नव्हतं. ग्यानोबा पुन्हा पहिल्या भिंतीपासून सुरू झाला. तिसऱ्या फेरीला पंचशीलानं त्याचा दंड धरला.

तेवढ्यात त्याचा जुना मालक समोर आला. निवड करणाऱ्यांत तोही होता. म्हातारा झाला होता, ग्यानोबाला बघून त्याला खरंच आनंद झाला. "ये ग्यानबा! तुझा फोटो मीच बाजूला ठेवायला लावला बाबा. पाठीवर नाव बघितलं आणि म्हटलं, हे भिंतीवर गेलं तर पोराची बदनामी व्हायची." त्यानं टेबलाखालचा गठ्ठा काढला आणि वरचाच फोटो पुढं केला. "पाणी कमी पडलं का रे? एवढा मोठा डाग! आणि ही सगळी धूळ." त्याचं बोट चांदण्यांवरून फिरत होतं.

"मालक, त्ये शेंडेनक्षत्र हाय," ग्यानोबा म्हणाला.

मालकानं चष्मा वर करून बघितलं, खाली करून बघितलं. "असेल बाबा," तो म्हणाला. "पण आता भिंत भरली."

पंचशीला पुढं झाली. "दोन घागरी पानी लागलंय त्येला. प्यायचं पानी."

"तेच सांगतोय मी बाई," मालक समजुतीच्या सुरात म्हणाला. "दोन घागरीत काय होतंय? फोटोला वाहतं पाणी लागतं. मी ह्याला शिकवलं होतं." आणि तो पाहुण्यांना चहा सांगायला निघून गेला. त्या माणसाच्या मनात काही वाईट नव्हतं. मला आजही त्याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

बसमध्ये ग्यानोबा खिडकीला डोकं टेकून बसला होता. पंचशीला म्हणाली, "त्यास्नी डाग दिसला म्हून का त्यो डाग व्हतो? आपुन आपल्या भिंतीला लावू." आणि घरी आल्यावर खिळा तिनंच ठोकला.

पुढच्या महिन्यात गावात कावीळ शिरली. पाण्यातून आली, असं सरकारी डॉक्टर म्हणाला, पाणी उकळून प्या म्हणाला. टँकरच्या रांगेतल्या चौघी आजारी पडल्या, तिघी उठल्या. पंचशीलाचे डोळे हळदीसारखे झाले. भाऊ हिमायतनगरहून न्यायला आला होता, तर म्हणाली, "मी गेले तर ह्यांचं पानी कोन भरंल?" पाऊस उशिरा का होईना लागला, त्याच आठवड्यात ती लातूरच्या दवाखान्यात गेली. परत आणली तेव्हा औशाच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी होतं. तिरडीबरोबर चालणारी माणसं धोतरं वर धरून चालत होती.

लोकांना कारण लगेच सापडलं. शेंडेनक्षत्राचा फोटो काढला, घरात टांगला, दुसरं काय होणार? सांत्वनाला आलेल्या एकानं तोंडावर म्हटलं, तेव्हा ग्यानोबा त्याच्या अंगावर धावून गेला. आम्ही आवरला. "पान्यानं गेली ती! पान्यानं!" असं तो ओरडत होता. मग एकदम गप्प झाला, आणि तो कशामुळं गप्प झाला ते मला कळलं. कुठलं पाणी, कधीचं पाणी, हे कुणालाच सांगता आलं नसतं. डॉक्टरलाही नाही. पण तो स्वतःला विचारत राहिला.

जयंतीच्या फोटोंचं पाकीट त्यानं उघडलंच नाही. पाऊस भरपूर होता, ओढे वाहत होते, वाहत्या पाण्यात चार वेळा धुऊन झालं असतं. मी एकदा आठवण केली. "बगवत न्हाई सिद्धू," म्हणाला. मी पुन्हा विषय काढला नाही. पुढं चारपाच वर्षांनी वस्तीतले लोक पिवळे पडलेले फोटो घेऊन यायला लागले. हा मान खाली घालून ऐकायचा आणि त्यांचे नवे फोटो काढून द्यायचा. ज्यांचा माणूस राहिला नव्हता, ते फोटो तसेच घेऊन परत जायचे. त्याच दिवसांत कधीतरी त्यानं ते पाकीट उघडलं असणार. मला सांगितलं नाही, पण तेव्हापासून दुकान लवकर बंद व्हायला लागलं.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात पुन्हा एक धूमकेतू आला, मोठा, संध्याकाळीच दिसणारा. पोरंसोरं लहान कॅमेरे घेऊन गच्चीवर चढली. लातूरच्या एका शाळेतले विज्ञानाचे मास्तर, तरुण माणूस, शाळेत लावायला धूमकेतूंचे फोटो गोळा करत आमच्याकडं आले. मी तेव्हा तिथंच बसलो होतो. यशोधरा पंधरा वर्षांची झालेली, तिनं चहा आणून दिला. मास्तरांनी भिंतीवरचा फोटो बघितला आणि कप तसाच खाली ठेवला.

"हा हॅले आहे! साध्या कॅमेऱ्यावर? सोनकांबळे साहेब, हा तुम्ही काढलात?"

"हाव," ग्यानोबा म्हणाला.

"अकरा वर्षं झाली आणि अजून जसाच्या तसा. एक डाग नाही." मास्तर नाक लावून बघत होते. "हा आम्ही मोठा करून लावतो. खाली तुमचं नाव, मोठ्या अक्षरांत. पण खरं सांगा, त्या साली इथं प्यायला पाणी नव्हतं म्हणतात. तुम्ही हा इतका स्वच्छ धुतलात कसा?"

ज्या वाक्यासाठी या माणसानं अर्धं आयुष्य काढलं, ते वाक्य शेवटी लातूरहून चालत घरी आलं होतं. मला वाटलं, आता तरी हा हसेल. ग्यानोबा उठून आत गेला. कपाटाचा आवाज आला. बाहेर येऊन त्यानं एक कागद मास्तरांच्या हातात ठेवला.

मळकट तपकिरी कागद. वरच्या बाजूला केसांएवढा काळसर भाग, त्याखाली काही नाही. यशोधरेनं तिकडं बघितलं नाही, चहाचे कप गोळा करायला लागली. मास्तरांनी कागद उजेडाकडं धरला. मग पालथा केला, मागची कोरी बाजू बघितली, पुन्हा सुलटा केला आणि ओशाळून विचारलं, "मी उलटा धरलाय का?"

"न्हाई सर, सरळच हाय," ग्यानोबा म्हणाला. "माजी बायको हाय ती."